एका कोरीव रिव्हॉल्व्हरवरील लेख : एक परीक्षण

लोणारकडे जाणारा अभ्यासक सुलतानपुरास सहसा थांबत नाहीं. दैत्यसूदनाचें देऊळ पाहावयाचें, सिंदखेडास जाधवांचा वाडा पाहावयाचा, आणि वाटेंत जमल्यास आमच्या गांवीं चहा घ्यावयाचा, एवढाच या गांवाचा संशोधनाशीं संबंध. शाळेंतून निवृत्त झाल्यावर मी येथें स्थायिक झालों असल्यामुळें आसपासचे लोक पोथ्या, सनदा, वतनाचे कागद मजकडे दाखवावयास आणतात. त्यांत बहुतेक पंचांगें व पांडवप्रतापाचे सुटे अध्याय निघतात. क्वचित् एखादें कामाचें पान हातीं लागतें. गेल्या दिवाळीनंतर मात्र परगांवच्या एका गृहस्थांनीं पिशवींतून जी वस्तु काढून माझ्या डेस्कावर ठेविली ती पोथी नव्हती. तें टोपीवर उडणारें, पांच बारांचें, सर्वांगावर नक्षी कोरलेलें एक विलायती रिव्हॉल्व्हर होतें.

वाचकांच्या मनांत प्रथम जी शंका येईल ती माझ्याहि मनांत आली. नळींत शिसें ओतून ती बुजविलेली असून कोठी गंजानें जागच्या जागीं बसली आहे. दुरुस्ती करूनहि बार निघण्याजोगी तिची स्थिति राहिलेली नाहीं. १९५९ च्या शस्त्रकायद्याच्या ४५ व्या कलमांत जुनाट बनावटीच्या व निरुपयोगी झालेल्या हत्यारांस जी सूट आहे, तींत ती बसते असा निर्वाळा त्यांच्या वडिलांनींच पूर्वीं करून घेतला होता. हें येथें नमूद करण्याचें कारण असें कीं, हत्यारांचा नवा नाद लागलेले कांहीं तरुण 'जुनें आहे म्हणजे परवाना नको' असें समजतात. तसें नाहीं. जुनें पण चालतें हत्यार कायद्याच्या दृष्टीनें हत्यारच होय.

या वस्तूचें वर्णन एका स्थानिक प्रदर्शनाच्या छापील टिपणांत आलेलें आहे. नागपूरकर भोसल्यांनीं वऱ्हाडांतील एका सरदारास शके १७७० मध्यें शौर्याबद्दल दिलेलें कोरीव पिस्तुल, असा त्याचा आशय. टिपणकारांनीं पुरावा म्हणून नळीवर कोरलेला देवनागरी लेखच दिला आहे, व त्यावर एक विधान असें केलें आहे कीं, प्रत्यक्ष धातूवर कोरलेलें अक्षर हें कागदावरील अक्षरापेक्षां अधिक विश्वसनीय असतें. या विधानासाठींच हें परीक्षण लिहिणें मला भाग वाटलें. रिव्हॉल्व्हर एका घराचें आहे. परंतु हें विधान प्रमाण मानूं लागल्यास पुढें पुष्कळ घरांतील पुष्कळ वस्तूंबद्दल आपण फसूं.

प्रथम वस्तूचें वर्णन देतों. नळी अठपैलू, नळी व सांगाडा हीं एकाच लोखंडाच्या तुकड्यांतून घडविलेलीं. कोठीस पांच खण, व प्रत्येकामागें टोपी बसविण्याचें बोंड. घोड्यास आंगठ्यानें मागें ओढावयाची शेपटी आहे, आणि आंतील रचना पाहतां नुसता चाप ओढूनहि तो उठत असे. मूठ अक्रोडाच्या लांकडाची, तिजवर बारीक चौकड्यांच्या रेघा. सांगाड्याच्या दोन्ही अंगांस, चापाच्या कड्यावर व मुठीच्या बुडाशीं असलेल्या लोखंडी टोपणावर वेलपत्ती. कोठीवर इंग्लंडांतील कसोटीगृहाचे मुकुटचिन्हांकित ठसे. सांगाड्याच्या वरच्या पट्टीवर, जेथें कारागिराचें अगर दुकानदाराचें नांव असावयाचें, तेथें इंग्रजी अक्षरांच्या खालच्या टोकांचे तेवढे अवशेष उरले आहेत. बाकीचें घासून गेलें आहे. या घासलेल्या पट्टीपासून आरंभ होऊन नळीच्या वरच्या पैलूवर एका लांब ओळींत देवनागरी लेख गेला आहे. त्यांत शके १७७०, सौम्य संवत्सर, भोसल्यांचा नामनिर्देश, घेणाऱ्याचें आडनांव, आणि शेवटीं 'शौर्याबद्दल सप्रेम भेट' अशीं अक्षरें आहेत.

वेलपत्ती उत्तम आहे, अत्युत्तम नाहीं. इंग्रज कारागिरांची जी लहान लहान, घट्ट वळणांची नक्षी त्या काळच्या चांगल्या पिस्तुलांवर दिसते, त्याच घराण्याची ही आहे. डाव्या अंगावरील वळणें उजव्या अंगापेक्षां मोकळीं आहेत, व एके ठिकाणीं पानाचें टोंक कडेच्या रेघेबाहेर गेलें आहे. मला हा दोष प्रिय वाटला. हातानें चालविलेली कोरणी धातूंत शिरतांना बारीक, मध्यें रुंद व बाहेर पडतांना पुन्हां बारीक होते. बोरूनें लिहिलेल्या पोथींतील 'र'च्या शेपटीकडे ज्यांनीं कधीं भिंगांतून पाहिलें असेल, त्यांस हा चढउतार ओळखावयास वेळ लागणार नाहीं.

येथें थोडें विषयांतर करतों, कारण कोरीव रिव्हॉल्व्हरें जमविणाऱ्यांच्या वाङ्मयांत एक भेद आहे तो पोथ्या जमविणाऱ्यांस फार उपयोगी पडेल. अमेरिकेंतील सॅम्युएल कोल्ट यानें १८३६ त आपल्या देशांत रिव्हॉल्व्हरचा एकाधिकार मिळविला. त्याच्या कारखान्यांतील कोठ्यांवर चित्रें असत. १८५१ च्या आरमारी नमुन्यावर टेक्सास व मेक्सिको यांच्या आरमारांची मे १८४३ मधील लढाई आहे. खिशांत ठेवावयाच्या १८४९ च्या नमुन्यावर टपालगाडीवरील दरोडा आहे. नवख्या संग्राहकास तीं हातानें कोरलेलीं वाटतात. वस्तुतः तीं ऑर्म्सबी नांवाच्या नोटांचे ठसे खोदणाऱ्या कारागिरानें एकदांच तयार केलेल्या कठीण पोलादी रुळाखालीं कोठ्या दाबून उठविलेलीं आहेत. म्हणजे तो छापा झाला. एक प्रत दुसरीसारखी. उलट त्याच कारखान्यासाठीं काम करणाऱ्या गुस्ताव्ह यंग या जर्मन कारागिरानें सांगाड्यांवर व नळ्यांवर जी नक्षी काढली ती हस्तलिखित होय. तिची दुसरी प्रत नाहीं. एकाच रिव्हॉल्व्हरवर कोठी छापील व सांगाडा हस्तलिखित असूं शकतो, जशी शिळाछापाच्या पोथींत मालकानें आपल्या हातानें लिहिलेली टीप असते. हा भेद न करतां 'कोरीव' हा एकच शब्द दोहोंस लावणें म्हणजे गणपत कृष्णाजींच्या छापखान्यांतील पोथीस हस्तलिखित म्हणण्यासारखें आहे.

न्यूयॉर्कच्या निम्श्के नांवाच्या कारागिराची एक संवय तर आपल्या मंडळींनीं मुद्दाम लक्षांत घेण्याजोगी आहे. आपण कोरलेल्या नक्षींत शाई भरून तिचा ठसा तो कागदावर उतरून घेई व एका वहींत चिकटवून ठेवी. ती वही टिकली, व १९६५ त ग्रंथरूपानें छापलीहि गेली. आज एखाद्या रिव्हॉल्व्हरवरील नक्षी त्याची म्हणून दाखविली जाते तेव्हां तिची त्या वहीशीं तुलना करतां येते. आपण शिलालेखाचे ठसे घेतों ते लेख नष्ट होईल या भीतीनें. याने घेतले ते बहुधा गिऱ्हाइकास नमुना दाखविण्यास. पण परिणाम एकच झाला. आमच्याकडील कोफ्तगिरी करणाऱ्या कारागिरांपैकीं एखाद्यानें अशी वही ठेविली असती तर किती बरें झालें असतें !

धनिकांस व राजांस भेट देण्याचीं रिव्हॉल्व्हरें सोन्यानें जडविलेलीं असत. क्रिमियाच्या युद्धाच्या वेळीं कोल्टनें तुर्कांच्या सुलतानासहि असें रिव्हॉल्व्हर दिलें व रशियाच्या झारासहि, म्हणजे एकमेकांशीं लढणाऱ्या दोघांसहि. अशा सोन्यानें जडविलेल्या कोल्टच्या रिव्हॉल्व्हरांपैकीं एक न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे. व्यापारी तो व्यापारी. परंतु यावरून भेटीच्या हत्यारांची रीत त्या काळीं होती एवढें सिद्ध होतें, आणि आमच्या टिपणकारांच्या बाजूनें तेवढें मान्य केलेंच पाहिजे. नागपूरच्या दरबारानें कोणास विलायती रिव्हॉल्व्हर दिलें असणें स्वभावतः अशक्य नाहीं. प्रश्न या रिव्हॉल्व्हरचा, व या शकाचा आहे.

शके १७७० म्हणजे इसवी सन १८४८-४९. आतां सांगाडा व नळी एकाच तुकड्यांतून घडविण्याची ही रचना लंडनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सची. तिचा एकाधिकार त्यानें १८५१ त घेतला, व त्याच वर्षींच्या लंडनच्या महाप्रदर्शनांत कोल्टची व त्याची रिव्हॉल्व्हरें लोकांनीं शेजारींशेजारीं पाहिलीं. अ‍ॅडम्सच्या त्या पहिल्या नमुन्यांत घोड्यास शेपटीच नव्हती. चाप ओढला कीं घोडा उठावा व पडावा, एवढीच सोय. आंगठ्यानेंहि ओढतां यावा व चापानेंहि उठावा ही दुहेरी योजना ब्यूमाँट नांवाच्या लष्करी इंजिनिअरानें सुचविली, आणि तशीं सुधारलेलीं रिव्हॉल्व्हरें इंग्रज सरकारनें १८५६ त सैन्यासाठीं स्वीकारलीं. सत्तावनच्या धामधुमींत इंग्रज अंमलदारांच्या कमरेस जीं रिव्हॉल्व्हरें होतीं त्यांत हींहि होतीं. आमच्या वस्तूच्या घोड्यास शेपटी आहे, व चापाची योजनाहि दुहेरी आहे. म्हणजे जी वस्तु शके १७७७ च्या पूर्वीं जन्मलीच नाहीं ती शके १७७० त बक्षीस मिळाली असें लेख सांगतो. शिवाय नागपूरचे तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरांत निवर्तले व पुढील वर्षीं राज्य खालसा झालें. देणारा गेला, राज्य गेलें, आणि त्यानंतर भेटीची वस्तु तयार झाली.

यावर एक आक्षेप संभवतो. फिरत्या कोठीचीं हत्यारें हिंदुस्थानांत कोल्टच्या पूर्वींहि होतीं, मग ही वस्तु जुनी कां नसावी ? हत्यारें होतीं हें खरें. खुद्द कोल्टनें १८५१ त लंडनच्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढें जो निबंध वाचला, त्यांत आपल्यापूर्वींच्या अशा हत्यारांचा आढावा घेतांना हिंदुस्थानी नमुन्याचीहि दखल घेतलेली आहे. पण तीं तोड्याचीं; कोठी हातानें फिरवावयाची. त्यांचा व विलायती कसोटीचे ठसे असलेल्या या टोपीच्या रिव्हॉल्व्हरचा संबंध लावणें म्हणजे शब्दसाम्यावरून गोत्र जुळविणें होय.

दुसरी गोष्ट संवत्सराची. ज्या मंडळींचा हात जंत्रीवर बसला आहे त्यांस लेख वाचतांक्षणींच ठेंच लागली असेल. शके १७७० चा संवत्सर कीलक. सौम्य हा त्याच्या पुढचा, शके १७७१ चा. राजवाड्यांपासून आपण सर्वजण हेंच शिकत आलों कीं, शक, संवत्सर, तिथि व वार यांचा मेळ प्रथम पाहावा, मग मजकुराच्या गोडीस भुलावें. टिपणकारांनीं मोडकांची जंत्री उघडली असती तर पुढचें पुष्कळ लिहिणें वांचलें असतें. मात्र ही चूक मला आरंभापासून निराळ्या जातीची वाटली. बनावट लेख करणारा मनुष्य बहुधा संवत्सर घालीतच नाहीं. घातला तर पंचांगांतून नीट पाहून घालतो. एका वर्षाचें अंतर पडणें हें लबाडीपेक्षां नकलेचें लक्षण अधिक. या मुद्द्याकडे पुढें येतों.

लेखनपद्धतीचा मुद्दा मी दुय्यम समजतों. लेखांत अनुस्वार फक्त उच्चारांत स्पष्ट असेल तेथेंच आहेत. 'दिले', 'याने' अशीं रूपें उघडीं आहेत. हें १९६२ नंतरच्या, म्हणजे साहित्य महामंडळाच्या नियमांनंतरच्या वळणाचें लेखन दिसतें. पण जुन्या मोडी कागदांत अनुस्वार सर्रास गाळले जात, आणि मोडी लिहिण्याची संवय असलेला कारकून बाळबोध लिहितांनाहि ते गाळी. तेव्हां एवढ्यावरून लेख नवा ठरविणें न्याय्य होणार नाहीं. (मी स्वतः अद्याप जुन्या वळणानेंच लिहितों, उद्यां माझी वही कोणी पेशवाईंतील ठरवूं नये.) 'सप्रेम भेट' हा प्रयोग मात्र मला फार खटकला. दरबारी भाषेंत 'बक्षीस', 'इनाम', 'मेहेरबानगी' असे शब्द यावयाचे. धन्यानें चाकरास सप्रेम भेट देण्याची रीत दरबारची नव्हे. ती पुस्तकाच्या पहिल्या पानाची व लग्नांतील आहेराची आहे.

आहेर हा शब्द मनांत आला, आणि मग भिंगाखालीं अक्षरें पाहतांना मला हसूं आवरेना. वेलपत्तीच्या रेघा अखंड आहेत, त्यांचा तळ अणकुचीदार आहे. लेखाचीं अक्षरें तशीं नाहींत. तीं बारीक बारीक टिंबांचीं बनलेलीं आहेत. टिंबें एकमेकांस लागून, सारख्या खोलीचीं, वळणावर थोडीं दाट. वाचकहो, आपल्या घरांतील फडताळांतून आहेराचा कोणताहि पितळी डबा अगर स्टीलचा पेला काढून त्याच्या कांठाखालीं पाहावें. तेथें देणाऱ्याचें नांव, तारीख व 'सप्रेम भेट' ज्या हातानें घातलेलें असतें, तोच हा हात. भांड्यांच्या दुकानांत विजेवर थरथरणाऱ्या सुईनें नांवें घालतात, ती ही लिपि. कोरणी नाहीं, छिन्नी नाहीं, भांडेवाल्याची सुई.

कालक्रमाचा आणखी एक पुरावा त्याच जागीं आहे. पट्टीवर गंजानें पडलेले बारीक खड्डे आहेत. इंग्रजी नांवाच्या उरलेल्या रेघांच्या कडा या खड्ड्यांनीं खाल्लेल्या आहेत, म्हणजे नांव आधीं व गंज मागून. देवनागरी टिंबें मात्र खड्ड्यांच्या तळाशींहि उतरलीं असून त्यांच्या कडा स्वच्छ आहेत. गंज आधीं, लेख मागून. कसरीनें पडलेल्या भोंकाच्या कडेनें शाई पसरलेली दिसली कीं तें अक्षर कसरीनंतरचें, हें आपण पोथ्यांत नेहमीं पाहतों. लोखंड आणि कागद यांची साक्ष घेण्याची पद्धति एकच आहे. म्हणून 'धातूवरील अक्षर अधिक विश्वसनीय' हें टिपणकारांचें विधान मला मुळांतच चुकीचें वाटतें. धातूवर अक्षर टिकतें अधिक. तें खरेंच बोलतें असें नाहीं.

तुलनेसाठीं दोन-तीन ताजीं उदाहरणें घेऊं. पहिल्या रघूजी भोसल्यांची म्हणून जी तलवार २०२५ च्या एप्रिलांत लंडनच्या सदबीच्या लिलावांत निघाली, व जी महाराष्ट्र सरकारनें सुमारें ४७ लक्ष रुपयांस मिळवून त्याच वर्षीं १८ ऑगस्टला मुंबईस आणली, तिच्या पाठीवर सोन्याच्या पाण्याचा देवनागरी लेख आहे. त्यांत रघूजींचें नांव, त्यांचें सेनासाहेबसुभा हें पद, आणि 'फिरंग' हा तलवारीच्या जातीचा शब्द आहे. पातें युरोपी, मूठ व लेख इकडचा. वस्तु स्वतःस फिरंग म्हणविते व ती फिरंगच आहे. मजकूर आणि वस्तु एकमेकांस दुजोरा देतात. आमच्या रिव्हॉल्व्हरवर हे दोघे एकमेकांविरुद्ध साक्ष देतात. उलट लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांतून २०२४ च्या जुलैंत साताऱ्यास उसनीं आलेलीं वाघनखें पाहा. ग्रँट डफच्या घराण्याकडून आलेल्या या नखांचा शिवछत्रपतींशीं संबंध सांगणारा मजकूर नखांवर नाहीं, त्यांच्या पेटीवर आहे. आणि हींच तीं नखें असें ठामपणें सिद्ध करतां येत नाहीं हें त्या संग्रहालयानेंच सांगून ठेविलें आहे. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. त्यानें वस्तूचें मोल कमी झालें असें साताऱ्यास लागलेल्या रांगांवरून तरी दिसलें नाहीं.

तिसरें उदाहरण नक्षीचा लवलेशहि नसलेल्या हत्याराचें आहे. भगतसिंगांनीं १७ डिसेंबर १९२८ रोजीं लाहोरांत साँडर्सवर चालविलेलें कोल्टचें .३२ चें पिस्तुल सीमासुरक्षादलाच्या इंदूर येथील शस्त्रशाळेच्या संग्रहांत कित्येक वर्षें अनाम पडून होतें. त्यावर काळा रंग चढविलेला होता. अलीकडे रंग काढला तेव्हां खालीं १६८८९६ हा अंक निघाला, व तो लाहोरच्या खटल्याच्या कागदांतील अंकाशीं जुळला. तेथें शौर्याबद्दल कांहीं लिहिलेलें नव्हतें. कारखान्यानें घातलेला सहा आंकड्यांचा अंक आणि न्यायालयाचें दप्तर, एवढ्यावर ओळख पटली. संग्राहकांनीं नक्षीवर भिंग धरण्यापूर्वीं अंक उतरून घ्यावा असें मी जें म्हणतों तें यासाठीं.

नांवांविषयींहि एक सूचना. अशा रिव्हॉल्व्हरच्या पट्टीवर 'मँटन, कलकत्ता' किंवा 'रॉडा, कलकत्ता' असें कोरलेलें असलें तर आपले लोक त्यांसच कारागीर समजतात. हीं दुकानें होतीं. विलायतेंतून माल मागवून आपलें नांव घालून विकीत. पोथीच्या शेवटीं 'लिखितं अमुक' म्हणून जो येतो तो ग्रंथकार नव्हे, लेखक होय. आणि 'इदं पुस्तकं तमुकस्य' म्हणून जो येतो तो लेखकहि नव्हे, मालक होय. पुष्पिकेंतील हे तिघे आपण नीट वेगळे करतों. मग रिव्हॉल्व्हरच्या बाबतींत कारागीर, दुकानदार व मालक यांची खिचडी कां व्हावी ? आमच्या वस्तूच्या पट्टीवरील इंग्रजी नांव उरलें असतें तर ती कोठून आली याचा कांहीं तरी धागा मिळाला असता. तें गंजानें अर्धें खाल्लें होतें. उरलेलें घरच्या मंडळींनीं दर दसऱ्यास चिंच व राख लावून घासून काढलें. शस्त्रपूजेंत झालेली ही हत्या आहे. परदेशांत याच्या उलट रोग आहे : साध्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर नवी नक्षी कोरून तें अधिक किंमतीस विकतात, आणि मग कारखान्याच्या जुन्या खतावण्यांत तें नक्षीचें म्हणून नोंदलें होतें कीं काय याची चौकशी करीत बसावें लागतें.

हें सर्व मीं त्या गृहस्थांस समोर बसवून सांगितलें. सांगतांना मला बरें वाटलें नाहीं. रघूजींच्या तलवारीची वार्ता आल्यापासून आपल्या घरची वस्तूहि नागपूरच्या अजब बंगल्यांत मांडली जावी, खालीं पूर्वजांचें नांव असावें, अशी त्यांची इच्छा होती. एका विकत घेणाऱ्यानें मोठी रक्कम देऊं केली होती ती त्यांनीं याच आशेनें नाकारली होती. ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "मास्तर, म्हणजे आमच्या आजोबांनीं खोटें लिहविलें म्हणावयाचें ?" मीं म्हटलें, तसें मी म्हणत नाहीं, संवत्सर तसें म्हणूं देत नाहीं. आजोबांनीं तो शक कोठून घेतला एवढें शोधा.

पंधरवड्यानें ते परत आले. त्यांच्या आत्याबाईंस सर्व ठाऊक होतें. त्यांच्या लग्नाचीं भांडीं नांवें घालण्यास दुकानीं नेलीं, तेव्हां आजोबांनीं रिव्हॉल्व्हरहि त्याच टोपलींत घालून नेलें, आणि घरच्या एका वहींतील मजकूर दुकानदारास वाचून दाखविला. 'सप्रेम भेट' हे शब्द दुकानदारानें आपल्या संवयीनें घातले असावेत. रिव्हॉल्व्हर घरांत कधीं आलें हें आत्याबाईंस सांगतां आलें नाहीं.

ती वही त्यांनीं बरोबर आणली होती. मोडींत, एका हातची, चांगल्या वळणाची. सातव्या पानावर नोंद आहे कीं, नागपूरकर सरकारांतून पागोटें व शालजोडी मिळाली. रिव्हॉल्व्हरचा, किंवा कोणत्याहि हत्याराचा, तेथें उल्लेख नाहीं. संवत्सर सौम्य असा स्पष्ट आहे. शकाचा शेवटचा आंकडा कसरीनें खाल्लेला आहे. वरचें वाटोळें तेवढें शिल्लक, म्हणून आजोबांस तें शून्य वाटलें. भिंगानें पाहतां भोंकाच्या पलीकडे एकाच्या शेपटीचें टोंक दिसतें. शके १७७१, सौम्य. मेळ बरोबर बसतो.

रिव्हॉल्व्हरवरील लेख घासून टाकूं कां असें त्यांनीं विचारलें. मीं नको म्हटलें. तो लेख भोसल्यांचा नसला तरी आजोबांचा आहे, आणि दुसऱ्यांदां घासल्यास खालचीं इंग्रजी अक्षरांचीं टोंकेंहि जातील. प्रदर्शनाच्या टिपणांत मात्र दुरुस्ती व्हावी, व वस्तूखालीं 'ब्यूमाँट-अ‍ॅडम्स पद्धतीचें विलायती रिव्हॉल्व्हर, इ. स. १८५६ नंतरचें, देवनागरी लेख विसाव्या शतकांतील' एवढेंच लिहावें, अशी विनंति मीं संबंधितांस केली आहे.

वही ते माझ्याकडे ठेवून गेले आहेत. एकंदर चौतीस पानें असून पहिलीं दोन गहाळ आहेत, व बाराव्याचा खालचा कोपरा फाटला आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणें हस्तलिखितास पुरावस्तु ठरण्यास पंचाहत्तर वर्षें पुरतात. हिला त्याच्या दुपटीहून अधिक झालीं आहेत. मेहकर परगण्यांतील चार गांवांच्या वसुलाचे आंकडे तींत आहेत, आणि दोन ठिकाणीं घोड्यांच्या दाण्याचा हिशेब. नक्कल करण्यास मीं आरंभ केला आहे. नऊ पानें झालीं.